सरळ केलेली गल्ली

ही गोष्ट मी सहा-सात वर्षं टाळली. टाळणं सोपं होतं, कारण कोणी विचारतच नव्हतं. आमच्या घरात सगळ्यांना माहीत असलेली हकीकत अशी आहे, की माझ्या बायकोने टॅबलेटवरच्या एका खेळात गाव वसवलं होतं, अपडेटमुळे ते बिघडलं आणि तिने ते जिद्दीने पुन्हा उभं केलं. पाहुणे आले की माझी सून हे सांगते. 'अपडेट' हा शब्द आला की ती स्वतःच्या कपाळावर हलकेच हात मारून घेते, कारण ते अपडेट तिने केलं होतं. मी शेजारी बसून चहा पितो आणि मान हलवतो. बायकोच्या वर्षश्राद्धाला जमलेल्या माणसांनाही सुनेने हेच सांगितलं, आणि तेव्हाही मी मान हलवली.

अपडेटमुळे काहीही बिघडलं नव्हतं. ते मी केलं होतं.

मी चौतीस वर्षं सरकारी मोजणीदार होतो. रायपूर आणि आसपासच्या जमिनी, नाले, रस्ते, गल्ल्या मोजल्या. आमच्या कामात एक वही असते, फील्डबुक. ती पानाच्या तळापासून वर लिहीत जायची, कारण मोजणारा माणूस पुढे चालत असतो आणि पानही त्याच्याबरोबर पुढे जातं. त्या वहीचा एक नियम पहिल्याच आठवड्यात शिकवला जायचा: खोडरबर जवळ बाळगायचा नाही. आकडा चुकला तर त्यावर एकच रेघ मारायची, अशी की खालचा चुकलेला आकडा वाचता यावा, आणि शेजारी सही करायची. चौतीस वर्षांत मी एकदाही खोडरबर वापरला नाही. हे लिहिणं म्हणजे तीच एक रेघ आहे. मारायला उशीर झाला, पण खालचं सगळं वाचता येईल असा प्रयत्न करतो.

सुरुवात तळापासून, म्हणजे माझ्या फुशारकीपासून केली पाहिजे.

लग्नाला तीन वर्षं झाली होती. गोल बाजाराच्या मागे, जुन्या वस्तीत बायकोचं माहेर होतं. मराठ्यांच्या काळात इकडे येऊन राहिलेलं घर. त्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, छत्तीसगढी, मराठी, मारवाडी अशी सगळी घरं एकाला एक चिकटलेली. गल्ली दोन ठिकाणी वाकलेली होती, मध्ये एक विहीर आणि कडुलिंब. सासऱ्यांच्या दाराबाहेर तीन फरशांचा ओटा होता, गल्लीत चांगला अडीच फूट पुढे आलेला. सासूबाई दुपारी तिथे बसून सुपात तांदूळ निवडायच्या आणि येणारी-जाणारी बाई क्षणभर तरी टेकायचीच.

ती गल्ली रुंद करायचं ठरलं आणि मोजणी माझ्याकडे आली. वरिष्ठांनी सांगितलं, वळण ठेवायचं की रेघ सरळ घ्यायची ते जागेवर बघून तूच ठरव. मी साखळी ताणली, दोन टोकांना झेंड्या रोवल्या आणि रेघ सरळ घेतली. ती सासऱ्यांच्या ओट्यावरून गेली. सासरे दारात उभे होते. म्हणाले, "जावईबापू, चहा घेऊनच जा." महिन्याभरात ओटा फुटला, विहीर बुजली आणि पुढच्या मोसमात सासूबाई उंबऱ्याच्या आत उभ्यानेच तांदूळ निवडताना मला दिसल्या.

ही गोष्ट मी नंतर प्रत्येक लग्नात, प्रत्येक पंगतीत सांगितली. सासऱ्याचाही ओटा सोडला नाही, असं म्हणायचो. लोक वाहवा करायचे. असा इमानदार माणूस सापडत नाही म्हणायचे. नेमकी त्याच वेळी बायको उठून स्वयंपाकघराकडे काहीतरी बघायला जायची. मला वाटायचं, नवऱ्याचं कौतुक ऐकून तिला संकोच होतो. जवळजवळ चाळीस वर्षं मला तसंच वाटत राहिलं.

आता खेळाबद्दल. बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तिला दोन महिने घरात बसणं भाग पडलं. आमची सून छत्तीसगढी आहे. मराठी सगळी समजते, उत्तर हिंदीत देते. तिने आपल्या टॅबलेटवर एक खेळ टाकून सासूच्या हातात दिला. त्यात मारामारी नव्हती, घड्याळ नव्हतं, कोणी जिंकत-हरत नव्हतं. नदीकाठी मोकळी जमीन मिळते. तिच्यावर घरं बांधायची, झाडं लावायची, रोज पाणी घालायचं. चार-पाच दिवस पाणी दिलं नाही तर झाडं सुकतात. दुसरे खेळणारे आपल्या गावात पाहुणे म्हणून येऊ शकतात. त्यांना कशाला हात लावता येत नाही. फक्त फिरायचं, कुठे बसायचं, आणि वाटलं तर वेशीवरच्या पाटीवर दोन ओळी लिहायच्या.

बायको मॅट्रिक शिकलेली, सहासष्ट वर्षांची. पहिल्या आठवड्यात ती बोटाने पडद्याला टोचायची, जणू भाकरी भाजली की नाही ते बघते आहे. खेळाशी मोठ्याने भांडायची. "काहून होत नाही? होते," असं म्हणायची आणि खरंच काही वेळाने ते व्हायचं. जेवण झालं की दोन ते पाच ती गॅलरीत खुर्ची टाकून बसायची. शंकर नगरच्या आमच्या रस्त्यावरून भाजीचे ठेले, स्कूटर, शाळेच्या रिक्षा जायच्या, पण तिचं लक्ष नसायचं.

त्या खेळातली जमीन आलेखाच्या कागदासारखी चौकोनांची आहे. घर चौकोनातच बसतं, तिरकं बसत नाही. बायकोने याच्यावर उपाय शोधला. कुंपणाचा एक खांब आधी कोपऱ्यात रोवायचा, त्याला लागून घर ठेवायचं, मग खांब काढून घ्यायचा. घर अर्धा चौकोन सरकतं आणि तिथेच राहतं. हे तिला कोणी शिकवलं नाही. उलट पुढे कितीतरी तरुण पोरी पाटीवर लिहून तिला विचारायच्या, की आंटी, आपकी गली मुड़ी कैसे? सून उत्तर टाइप करून द्यायची. त्या खेळात ओटा ही वस्तूही नाही. बायकोने नदीच्या घाटाच्या पायऱ्या उचलून आणल्या आणि एका घराच्या भिंतीला लावल्या. वर बाजारातल्या बाईची एक बाहुली बसवली, हातात टोपली असलेली.

मी चष्म्यावरून बघायचो आणि गल्ली वाकडी का ठेवली म्हणून विचारायचो. ती म्हणायची, "गाव माझं आहे. इथं तुमची मोजणी नाही."

गुडघा बरा झाला, तरी गाव सुटलं नाही. वर्षभराने तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, मोतीबिंदूचं. डॉक्टरांनी तीन आठवडे पडद्याकडे बघायचं नाही म्हणून सांगितलं. काळा चष्मा लावून ती आतल्या खोलीत रेडिओ ऐकत पडायची. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तिने टॅबलेट माझ्या हातात दिला, घराच्या किल्ल्या द्याव्यात तसा.

"रोज पाणी टाका. फक्त पाणी. सरळ-बिरळ काही करू नका, सांगून ठेवते."

मी मान हलवून 'हव' म्हटलं.

चार दिवस मी फक्त पाणी घातलं. पाणी घालता घालता गल्ली डोळ्यांत सलत होती. एके ठिकाणी रुंद, पुढे अरुंद, मध्येच कडुलिंब, विहीर भलत्याच बाजूला, आणि ते पायऱ्यांचं बांधकाम निम्म्या रस्त्यात आलेलं. पाचव्या दिवशी मी एक खांब हलवला. मग आलेखाचा कागद काढला, नकाशा आखला. तिचीच खांबाची युक्ती वापरून तिचीच घरं रांगेत लावली. झाडं कडेला, सारख्या अंतरावर. विहीर टोकाला. पायऱ्यांच्या बांधकामाला माझ्या मनात एकच शब्द होता, अतिक्रमण. मी त्यावर बोट ठेवलं. खेळाने विचारलं, 'हटाएँ?' मी 'हाँ' दाबलं. पायऱ्या गेल्या आणि त्यांच्याबरोबर टोपलीवाली बाईही गेली.

आठ-नऊ दुपारी हे चाललं. आतून बायको विचारायची, झाडं बरी आहेत ना. मी बरी आहेत म्हणायचो. खरं सांगायचं तर त्या दुपारी फार चांगल्या गेल्या. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच हाताला काम मिळालं होतं, आणि मी ते नीट केलं होतं. चष्मा उतरला की तिला दाखवायचं, असं ठरवलं होतं. भेट म्हणून.

चष्मा उतरला तो सुट्टीचा दिवस होता. सून घरी होती. बायको पलंगाच्या कडेला बसली, टॅबलेट मांडीवर घेतला. बोटाने चित्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवलं. मग परत मागे आणलं. मी दारात उभा होतो. कौतुक ऐकायला तयार होऊन उभा होतो, असं म्हटलं तरी चालेल.

"माझी गल्ली कुठं गेली?" ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, अगदी हळू, "आईचा ओटा होता इथं."

तेव्हा मला कळलं. त्याआधी कळलं नव्हतं, आणि या सगळ्या गोष्टीत मला सर्वांत जास्त लाज याचीच वाटते. ती गल्ली मी साखळीने फूट-फूट मोजली होती. पण खेळातली घरं परदेशी लाल छपरांची होती, आणि माझ्या डोक्यात ती गल्ली सरळच होती, कारण सरळ मी केली होती आणि नंतर आयुष्यभर त्या सरळ रस्त्यावरून स्कूटर नेली होती. तिच्या डोक्यात मात्र ती कधी सरळ झालीच नव्हती.

मी बोलायला तोंड उघडलं. त्याआधीच सून रडवेली होऊन म्हणाली, "मम्मीजी, कल मैंने अपडेट दबा दिया था. उसी में बिगड़ा होगा."

बायकोने तिला जवळ घेतलं. म्हणाली, "तुझी काय चूक, बेटा. मशीन आहे ते." मग माझ्याकडे वळून तिने विचारलं, "तुम्ही रोज पाणी टाकत होते ना? काल ठीक होतं?"

"काल ठीक होतं," मी म्हणालो.

एवढे तीन शब्द. त्याआधी जे झालं ती चूक होती. समजून घेता आली असती. बायकोने दोन दिवस तोंड फिरवलं असतं, चार टोमणे मारले असते आणि विषय संपला असता. पण या तीन शब्दांनंतर ती चूक राहिली नाही.

सुनेने खेळ बनवणाऱ्या कंपनीला पत्र लिहिलं. काही दिवसांनी उत्तर आलं, की अपडेटने कोणाच्याही गावात कसलाच फरक पडत नाही. ते घेऊन ती माझ्याकडे आली. "पापाजी, ये लोग तो मना कर रहे हैं," ती म्हणाली. मी चष्मा लावून ते शांतपणे वाचलं आणि सांगितलं, की कोणतंही कार्यालय आपली चूक कबूल करत नसतं, मी चौतीस वर्षं बघितलं आहे. तिचा विश्वास बसला. माझ्या नोकरीवर तिचा विश्वास होता, म्हणून बसला.

दहा-बारा दिवस टॅबलेट वर्तमानपत्राखाली पडून होता. मग एका दुपारी बायको गॅलरीत बसलेली दिसली, डोळे मिटून. उजव्या हाताची दोन बोटं मांडीवर पुढे-पुढे चालत होती. मला वाटलं जप चालला आहे. विचारलं तर म्हणाली, चालून राहिली. मध्ये बोलू नका, गिनती चुकते.

थोड्या वेळाने डोळे उघडून तिने सांगितलं, "दारातून विहिरीपर्यंत बावीस पावलं. घागर रिकामी असली तर. भरलेली असली का सव्वीस."

आणि तिने टॅबलेट उघडला.

इथून पुढचं लिहिताना माझी मान ताठ होते, ती मी खाली करणार नाही. माझ्या अपराधाशी तिच्या कर्तबगारीचा काही संबंध नाही. ती तिची आहे. गुडघ्यात नवा सांधा, एका डोळ्यात नवं भिंग, अशी ती बाई रोज दुपारी आधी डोळे मिटून गल्लीतून चालायची आणि मग जेवढं चालली तेवढं बांधायची. एक घर दोन दिवसांत, कधी चार दिवसांत. एखादा दिवस नुसता एका वळणावर जायचा. चार वेळा घर काढून पाचव्यांदा तिथेच ठेवायची आणि म्हणायची, आता बरोबर, आता इथून वळताना आमच्या दारातला कंदील दिसते. हरेली हा पावसाळ्यातला इकडचा सण आला तेव्हा निम्मी गल्ली झाली होती. त्या दिवशी तिने आमच्या दारावर कडुलिंबाची डहाळी खोचली आणि मग गावातल्या झालेल्या प्रत्येक घराच्या दारावर एक-एक हिरवी फांदी लावत बसली. सुनेला म्हणाली, माझ्या आईनं एक वर्ष चुकवलं नाही, मी कशी चुकवू?

दिवाळीच्या आधी गल्ली पूर्ण झाली. पहिल्या वेळी नव्हत्या त्याही गोष्टी आता होत्या. सायकलवाले हमखास घसरायचे तो चढ. शेजारच्या छत्तीसगढी काकूंच्या अंगणातला शेंगांनी वाकलेला मुनगा, म्हणजे शेवगा. विहिरीजवळचा घागर टेकवायचा दगड. ती म्हणाली, पहिले घाई केली होती, हे जास्त बरोबर आहे. सगळ्यात शेवटी तिने घाटाच्या पायऱ्या आणल्या, ओटा लावला आणि त्यावर टोपलीवाली बाई बसवली.

त्या आठवड्यात मी माझं लोखंडी कपाट उघडलं. फील्डबुक खात्यात जमा होतं आणि पुढे रद्दीत जातं, पण मी प्रत्येक कामाची एक कच्ची वही स्वतःजवळ ठेवायचो. रस्ता सरळ करायचा तर आधी तो कसा वाकडा आहे हे मोजावं लागतं, त्यामुळे त्या वहीत जुनी गल्ली होती. ओट्यासकट, विहिरीसकट, दोन्ही वळणांसकट. बायको दुपारी जरा लवंडली तेव्हा मी टॅबलेट आणि वही शेजारी-शेजारी ठेवली. या वेळी कशालाही हात लावायचा नाही, फक्त चौकोन मोजायचे, असं स्वतःला बजावून बसलो.

एक चौकोन दोन फुटांचा धरला. दार ते विहीर माझ्या वहीत सेहेचाळीस फूट. तिच्या गावात तेवीस चौकोन. विहीर ते पहिलं वळण, बरोबर. वळण ते कडुलिंब, बरोबर. ओट्याची लांबी, बरोबर. दुसऱ्या वळणापाशी मात्र एका चौकोनाचा फरक निघाला. मी बराच वेळ विचार केला. मोजणीचा तो दिवस मे महिन्यातला होता, माथ्यावर ऊन होतं, आणि उन्हात लोखंडी साखळी वाढते हे आम्हाला शिकवलेलं असतं. दोन फुटांइतकी ती वाढत नाही, हेही शिकवलेलं असतं. तरीही मी तिचा आकडा खरा मानतो. माझ्या हाताखाली चांगले-चांगले मोजणीदार तयार झाले, पण डोळे मिटून, पन्नास वर्षांपूर्वीच्या पावलांवर, अशी मोजणी करणारा एकही माणूस मी पाहिला नाही.

त्याच वेळी मी ती वही तिच्या हातात ठेवायला हवी होती. जगात त्या गल्लीचा तेवढाच लेखी पुरावा होता. तिने तो पदराने पुसून देवाजवळ ठेवला असता. पण वही द्यायची म्हणजे ही गल्ली कोणती ते मला माहीत आहे हे सांगायचं, आणि ते सांगायचं म्हणजे बाकीचंही सांगायचं. मी वही कपाटात परत ठेवली आणि कुलूप लावलं.

नंतर तिच्या गावात पाहुणे वाढू लागले. कोणीतरी कोणाला सांगितलं असेल. लोक यायचे, वाकड्या गल्लीतून हिंडायचे आणि बहुतेक सगळे शेवटी ओट्यावर टोपलीवाल्या बाईशेजारी जाऊन बसायचे. खेळात तिथे बसून काही मिळत नाही. नुसतं बसायचं. मग पाटीवर लिहायचे. सून ऑफिसातून आली की चहा घेता घेता पाटी मोठ्याने वाचून दाखवायची आणि बायको बोट हनुवटीला लावून ऐकायची. एका मुलीने लिहिलं होतं, की कामावर बोलणी खाऊन आले की घरी फोन करायच्या आधी दहा मिनिटं इथे बसते. कोणी मराठीत लिहिलं होतं, आमच्याकडेही असा ओटा होता, आता तिथे पार्किंग आहे. एकाने लिहिलं होतं, की त्याची आई गेल्यावर बरेच दिवस त्याला रडू आलं नव्हतं, ते या टोपलीवाल्या बाईजवळ बसल्यावर आलं. काही ओळी तर सुनेला वाचता न येणाऱ्या लिपीत होत्या. बायको म्हणायची, वाचता नाही आलं तर काय, बसून गेले ना.

सदर बाजारातल्या ओळखीच्या दुकानात मी लोकांना सांगायचो, माझ्या बायकोच्या दारात रोज कुठून-कुठून माणसं येऊन बसतात. सासऱ्याच्या ओट्याची गोष्ट सांगणं मी बंद केलं होतं. आता ही सांगायचो. अपडेटपर्यंत आलो की पुढच्या वाक्यावर उडी मारायचो.

मग मला वाटलं, तोंडाने जमत नाही तर पाटीवर जमेल. सुनेचा जुना फोन पडून होता. खेळायचं आहे म्हटल्यावर तिने आनंदाने त्यावर खेळ टाकून दिला. मी नाव न लिहिता एक पाहुणा झालो, राखाडी सदरा घातलेला. चालायला शिकायला मला आठवडा लागला. दोनदा विहिरीला धडकलो. दुपारी बायको गॅलरीत आणि मी आतल्या खोलीत, बातम्या वाचायचं निमित्त करून. मी वेशीपाशी जायचो, पाटी उघडायचो, दोन शब्द लिहायचो, पुसायचो. खोडरबर न वापरलेला माणूस रोज पुसत होतो. मग गल्लीतून चालत ओट्यापाशी जायचो आणि उभा राहायचो. बसायची हिंमत होत नव्हती.

एका रविवारी सून बायकोच्या केसांना तेल लावत होती. दार उघडं होतं, मला सगळं ऐकू येत होतं.

"एक जण रोज येऊन राहिला," बायको म्हणाली. "पाटीपाशी जाते, लिहत काही नाही. मग ओट्यापाशी येऊन उभा राहते. बसत नाही."

"कोई शर्मीला होगा, मम्मीजी."

"शर्मीला नाही. सरकारी माणूस वाटते मले. उभ्या-उभ्या पाहणी करते."

सून खूप हसली. मी फोन उशीखाली सरकवला. सून पुन्हा तेल चोळू लागली. मग बायको म्हणाली, आवाज न चढवता, खोलीकडे न बघता, "त्याले म्हणावं, बस. ओटा बसायलेच असते."

तिला माहीत होतं का, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. माहीत असेल तर तिने मला जागा करून दिली होती आणि मी ती घेतली नाही. नसेल तर एका अनोळखी माणसाशीही ती तितक्याच मायेने वागत होती. दोन्ही बाजूंनी हिशेब तिच्याच मोठेपणाचा निघतो.

दोन हिवाळ्यांपूर्वी ती थोड्या दिवसांच्या आजारपणात गेली. शेवटच्या आठवड्यात तिला टॅबलेट धरता येत नव्हता. सून धरायची आणि ती बोटाने दाखवायची, या झाडाले पाणी टाक, त्या झाडाले टाक. मी खुर्चीवर बसून होतो. खोलीत आम्ही दोघंच आहोत असे कितीतरी तास होते. मी औषधाच्या वेळा सांगत राहिलो.

आता सून रोज ऑफिसला निघायच्या आधी गावाला पाणी घालते. कशाची जागा बदलत नाही. गोल बाजाराच्या मागचा तो रस्ता आज चांगला रुंद आहे, दुचाक्यांनी भरलेला, आणि सरळ आहे. तिथे कोणी बसत नाही; बसायला काही नाहीच. जुनी गल्ली आता दोनच ठिकाणी उरली आहे, माझ्या कच्च्या वहीत आणि तिच्या गावात. माझी वही बिनचूक असेल, पण तिच्यात कोणाला बसता येत नाही. तिच्या ओट्यावर परवाच चार जण बसलेले होते.

हे लिहून झालं की आधी सुनेला वाचून दाखवणार आहे. ती मराठी सावकाश वाचते, तिला त्रास नको, आणि हे मी स्वतःच्या तोंडाने म्हणायला हवं. बेटा, तुझ्या अपडेटने काही झालं नव्हतं. कंपनीचं पत्र खरं होतं. मग कच्ची वही तिच्या हवाली करेन.

काल दुपारी मी पुन्हा गावात गेलो. गल्लीतून चाललो, बावीस पावलं मोजली, आणि पहिल्यांदाच ओट्यावर बसलो, टोपलीवाल्या बाईच्या शेजारी. मग उठून पाटीपाशी गेलो आणि लिहिलं. पाटीवरचं वाचायला आता ती नाही, म्हणून 'पाठवा'चं बटण दाबलं नाही. पुसलंही नाही. मजकूर एवढाच आहे:

काल ठीक होतं म्हणालो, ते खोटं होतं. गल्ली मीच सरळ केली. तेव्हाही मीच, आताही मीच. तू बस म्हणाली होतीस, मी बसलो नाही. मले माफ कर.